गाणाऱ्या स्त्रीपासून गाण्यातील स्त्रीपर्यंत

लोकप्रिय संस्कृती म्हटले म्हणजे चित्रपट, नभोवाणी, दूरचित्रवाणी, जाहिराती आणि स्वस्त छपाईचे वाङ्मय एवढे सर्व आपल्या डोळ्यांसमोर येते. पंजाबच्या बाबतीत मात्र या यादीच्या अग्रभागी गीत ठेवावे लागेल. कादंबरी वाचणारे थोडे, नाटक पाहणारे त्याहून थोडे; परंतु गीत कानावर पडल्यावाचून ज्याचा दिवस मावळतो असा माणूस या प्रांतात विरळाच. शेतातील ट्रॅक्टरवर, बसमध्ये, ढाब्यावर, लग्नाच्या मांडवात गीत असतेच. तेव्हा पंजाबी समाज स्त्रीकडे कोणत्या दृष्टीने पाहतो आणि ती दृष्टी कशी घडते, हे समजून घ्यायचे तर प्रथम त्याच्या गीताकडे वळणे योग्य ठरेल.

हे गीत आज जेथे मोठ्या प्रमाणावर तयार होते ते ठिकाण म्हणजे मोहाली. 1966 साली पंजाबची पुनर्रचना होऊन चंदीगड केंद्रशासित झाले, तेव्हा त्याच्या सीमेला लागून पंजाब सरकारने आपल्या हद्दीत एक नवे नगर वसविण्यास आरंभ केला. गुरू गोविंदसिंगांच्या ज्येष्ठ पुत्राच्या नावावरून त्याला साहिबजादा अजितसिंग नगर असे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र मोहाली हेच राहिले. 2006 मध्ये ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. चंदीगडप्रमाणेच येथेही सरळ रस्ते आणि क्रमांकित विभाग आहेत. पण त्या विभागांच्या मधोमध मटौर, कुंभडा, सोहाना यांसारखी जुनी गावे आपापल्या अरुंद गल्ल्यांसह टिकून आहेत. ट्रॅक्टरच्या आणि विद्युत्साधनांच्या कारखान्यांनी नाव कमावलेल्या या नगरात गेल्या दोन दशकांत पंजाबी गीतांची ध्वनिमुद्रणगृहे, चित्रीकरण करणाऱ्या संस्था आणि गायकांची कार्यालये मोठ्या संख्येने आली. 1970 आणि 1980 च्या दशकांत हे स्थान लुधियानाचे होते. तेथील बसस्थानकाच्या परिसरात गायकांच्या कचेऱ्या असत आणि लग्नाघरचा माणूस तेथे जाऊन गायक ठरवून येई.

परंतु लुधियानाच्याही आधी गीताचे घर होते ते म्हणजे अंगण, आणि त्या घराची मालकीण स्त्री होती. पंजाबच्या खेड्यात मुली व सुना रात्री एकत्र बसून चरखा कातीत. या बैठकीला ‘त्रिंजण’ म्हणत. सूत निघे तसे गीतही निघे. ‘गिद्धा’ या नृत्यात स्त्रिया वर्तुळ करून टाळ्यांचा ठेका धरतात. एकजण मध्ये येऊन ‘बोली’ म्हणते, शेवटचे चरण सर्वजणी उचलतात, आणि मग दुसरी मध्ये येते. ‘किकली’ म्हणजे तर आपली फुगडीच. लग्नात वधूपक्षाच्या स्त्रिया वरपक्षाची यथेच्छ निंदा करतात. त्या गीतांना ‘सिठणियां’ असे नाव आहे. नवऱ्या मुलाचा बाप, त्याची आत्या, खुद्द नवरा मुलगा, कोणीही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाही, आणि त्या दिवशी कोणी रागावायचे नसते. विहिणींची गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्या मराठी वाचकाला याची गोडी सांगावयास नको.

मराठी वाचकाला आणखी एक साम्य चटकन जाणवेल. जात्यावर बसलेली स्त्री ओवी रचते ती कोणा श्रोत्यासाठी नव्हे. सासर, माहेर, भाऊ, पंढरीचा विठ्ठल यांच्याशी ती बोलत असते. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली तशी जात्यावरची ओवी मागे पडली. गिरणीचे कापड आले तसे त्रिंजण ओस पडले. यंत्राने बायकांचे कष्ट हलके केले याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. पण त्या कष्टांबरोबर स्त्रियांनी एकत्र बसून आपल्या मनातले बोलण्याचा एक हक्काचा प्रसंगही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा तितका सहज प्रसंग आला नाही.

म्हणून ते अंगण म्हणजे स्वातंत्र्याचे माहेरघर होते असे समजणे मात्र भोळेपणाचे ठरेल. मुलीच्या लग्नात ‘सुहाग’ गातात आणि मुलाच्या लग्नात ‘घोडियां’. सुहागात निरोप असतो, बापाला केलेली विनवणी असते, सासरी सांभाळून राहण्याची शिकवण असते. घोडियांत घोड्यावर बसलेल्या मुलाचे आणि त्याच्या कुळाचे कौतुक असते. दोन्ही प्रकारची गीते गाणाऱ्या स्त्रियाच. मुलगा जन्मला म्हणजे आनंद आणि मुलगी जन्मली म्हणजे काळजी, हा धडा पंजाबातील बालिकेने प्रथम ऐकला तो आजीच्या गोड आवाजातच. फरक एवढाच की सुहाग गाणारीच उद्या गिद्ध्याच्या वर्तुळात उतरून सासूची, नणंदेची आणि परदेशी गेलेल्या नवऱ्याची खरडपट्टी काढू शकत होती. शिकवण तिच्या तोंडी होती, आणि तक्रारही तिच्याच तोंडी होती.

पुरुषांच्या सभेत गायिली जाणारी परंपरा वेगळी. तिला ‘किस्सा’ म्हणतात. किश्शांपैकी सर्वांत मान्यता पावला तो वारिस शाहचा ‘हीर’, 1766 चा. यातील हीर नुसती सुंदर नाही, ती वाद घालते. तिच्या इच्छेविरुद्ध तिचा निकाह लावू पाहणाऱ्या काझीला ती धर्मशास्त्रातूनच उत्तर देते. पुढे तिची नणंद सहती जोगीवेषातील रांझ्याशी जे वाग्युद्ध करते, ते तर श्रोत्यांच्या विशेष आवडीचे. त्याच काव्यात स्त्रीजातीच्या अविश्वासूपणावर कडवट पद्येही आहेत, आणि चावडीवर बसून स्त्रीस्वभावाविषयी निकाल देणाऱ्यांना तीच अधिक पाठ असतात. लोकप्रिय कलाकृतीतून समाज आपल्याला हवे ते निवडून घेतो याचे हे चांगले उदाहरण आहे.

साहिबांच्या वाट्याला याहून कठोर न्याय आला. ती मिर्झाबरोबर पळाली. वाटेत झाडाखाली तो झोपला असता, पाठलागावर आलेले आपले भाऊ त्याच्या हातून मरू नयेत म्हणून तिने त्याचे बाण मोडून टाकले. भावांनी मिर्झाला मारले. प्रियकर आणि भाऊ या दोहोंपैकी कोणाचाही मृत्यू जिला नको होता, अशी ही स्त्री. परंतु गीतकारांनी तिला विश्वासघाताचे दुसरे नाव बनविले. आजही प्रेमात फसलेला नायक गाऊ लागला की साहिबांचा उद्धार ठरलेला. मिर्झाने झोपावे कशाला, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

प्रतिमा एकदा रूढ झाली की ती बदलतच नाही असेही नाही. सियालकोटच्या राजपुत्र पूरनची कथा शतकानुशतके गायिली गेली. त्याची तरुण सावत्र आई लूणा त्याच्यावर अनुरक्त होते, तो नकार देतो, ती त्याच्यावर आळ घेते. राजा मुलाचे हातपाय तोडवून त्याला विहिरीत टाकतो. एकोणिसाव्या शतकात कादरयारने रचलेल्या किश्शाने लूणेचे नाव घराघरांत शिवीसारखे झाले. 1965 साली शिवकुमार बटालवी या तरुण कवीने ‘लूणा’ हे पद्यनाट्य लिहिले आणि प्रश्नच उलटा केला: वयाने मुलीसारख्या असलेल्या, हीन कुळातील म्हणून जिला कोणी विचारीत नव्हते अशा तरुणीला म्हाताऱ्या राजाने घरात आणले, त्याचे काय? 1967 चा साहित्य अकादमी पुरस्कार या कृतीला मिळाला. पुढे बँकेच्या नोकरीनिमित्त बटालवी चंदीगडला आले आणि 1973 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, निवर्तले. प्रभातच्या ‘कुंकू’ या 1937 च्या चित्रपटातील नीरेने म्हाताऱ्या नवऱ्याला हाच प्रश्न अट्ठावीस वर्षे आधी केला होता. तिच्या वाट्याला मात्र शतकांची बदनामी आलेली नव्हती.

आता आपण आखाड्याकडे येऊ. आखाडा म्हणजे गावात, बहुधा लग्नाच्या निमित्ताने, उघड्यावर होणारा गाण्याचा कार्यक्रम. तुंबी, ढोलकी, हार्मोनियम, एक गायक आणि एक गायिका. स्वातंत्र्यानंतरच्या काळात या युगुलगीताने पंजाब गाजविला. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, ट्रकचालक आणि त्याची वाट पाहणारी बायको हे त्याचे विषय. या गीतांवर अश्लीलतेचा आरोप प्रथमपासून होत आला, आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. तरीही त्यांच्या रचनेतील एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. युगुलगीतात स्त्रीला उत्तर द्यावेच लागते. पुरुषाने एक कडवे म्हटले की पुढचे तिचे. आणि ते बहुधा त्याच्यावर मात करणारे.

या प्रकाराचा शिरोमणी अमरसिंग चमकीला. लुधियानाजवळच्या दुगरीत, दलित कुटुंबात 1960 साली जन्मलेला. त्याची सहगायिका आणि पत्नी अमरजोत. 8 मार्च 1988 रोजी जालंधर जिल्ह्यातील मेहसमपूर येथे कार्यक्रमाला गेले असताना दोघांवरही गोळ्या झाडण्यात आल्या. मारेकऱ्यांना शिक्षा झाली नाही. त्या वर्षांत दहशतवादी गटांनी लग्नातील नाचगाणे, दारू, वरातीतील माणसांची संख्या यांवर बंधने घातली होती आणि स्त्रियांच्या पोशाखाविषयीही फर्माने काढली होती. अश्लील गीताला बंदुकीने उत्तर देऊ पाहणाऱ्यांचे दुसरे लक्ष लगेच स्त्रीच्या कपड्यांकडे वळले, ही गोष्ट गीतांच्या शुद्धीकरणाची मागणी करणाऱ्या सर्वांनीच ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

चमकीलाच्या कीर्तीमागे एक यंत्रही होते. तबकडी काढणे म्हणजे मोठ्या कंपनीचे काम. कोणाचे गाणे निघावे हे तिच्या हाती. 1980 च्या दशकात ध्वनिफीत आली आणि अल्प भांडवलाच्या माणसालाही गीत विकता येऊ लागले. यामुळे अनेक नवे, गरीब घरचे गायक पुढे आले, हा लाभ निर्विवाद. मात्र ध्वनिफीत विकत घेणारा कोण होता? ती वाजे ट्रकमध्ये, दुकानात, ट्रॅक्टरवर. पैसा पुरुषाच्या खिशात, यंत्र पुरुषाच्या हाती. गीत त्याच्या आवडीप्रमाणे वळले तर नवल नाही. सुरिंदर कौर यांच्यासारख्या गायिकेने 1943 मध्ये लाहोर नभोवाणीपासून आरंभ करून अंगणातील गीत तबकडीवर आणले आणि 2006 साली मृत्यू येईपर्यंत त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. बाजारात मात्र ती धारा क्षीण होत गेली.

ध्वनिफितीनंतर चित्रफीत आली, आणि त्यानंतर भ्रमणध्वनीवर फुकट दिसणारे गीत. येथे युगुलाची जागा एका नायकाने घेतली. हा नायक बहुधा ‘जट्ट’, म्हणजे जमीनदार शेतकरी, मग गाणाऱ्याची जात कोणतीही असो. त्याच्याभोवती मोटार, हवेली, कधी बंदूक, आणि एक तरुणी. तरुणी सतत दिसते. पण तिला बोलावयास एखादेच कडवे मिळते, किंवा तेही नाही. मिळाले तर पुष्कळदा ते काही वस्तू मागण्याचे, रुसण्याचे किंवा नायकाच्या दराऱ्याची तारीफ करण्याचे असते. युगुलगीतातील स्त्री बोलण्यात जिंकत होती. चित्रफितीतील स्त्री पाहण्यापुरती उरली. सर्वच गीते अशी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु लग्नाच्या मांडवात दहा गीते ऐकली तर त्यांत हा साचा कितीदा येतो ते वाचकांनी स्वतःच मोजून पाहावे.

शब्दही बदलले. जुन्या गीतातील तरुणी ‘मुटियार’ असे. या शब्दात तारुण्याबरोबर धडधाकट अंगकाठीचीही छटा आहे. ती पाण्याचे घडे वाहते, शेतावर भाकर नेते. नव्या गीतांत तिच्यासाठी ‘पटोला’ हा शब्द रुळला. मराठी वाचकाला यावरून गुजरातेतील रेशमी वस्त्राची आठवण होईल. पंजाबात ‘गुड्डियां-पटोले’ म्हणजे मुलींनी चिंध्यांच्या केलेल्या बाहुल्या. मुलींच्या खेळातला शब्द पुरुषांनी मुलींसाठीच उचलला, आणि त्यात खेळणे म्हणजे काय हे स्पष्ट झाले. त्याच्याही पुढची पायरी ‘पुर्जा’, म्हणजे यंत्राचा सुटा भाग. दूषण देण्याच्या हेतूने हे शब्द वापरले जात नाहीत, कौतुक म्हणूनच वापरले जातात. कौतुकाचा शब्द असल्यामुळेच तो मुलींनाही स्वीकारावासा वाटतो, आणि म्हणून त्याचा परिणाम शिवीपेक्षा खोल जातो.

परिणाम होतो म्हणजे नेमके काय होते? या ठिकाणी फार सावधपणे बोलले पाहिजे. गीतांवर रोष असणारी मंडळी पंजाबातील मुलींच्या घटत्या संख्येचा दाखला वारंवार देतात. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या पंजाबात 1991 साली 875 होती. 2001 मध्ये ती 798 वर आली. हे आकडे भयंकर आहेत यात शंका नाही. परंतु 2011 च्या जनगणनेत हीच संख्या 846 झाली, आणि याच दशकात चित्रफितींचा पूर लोटला होता. म्हणजे गीत बिघडले म्हणून मुली घटल्या, हे सरळ गणित जुळत नाही. मुलगी नकोशी होण्यामागे जमिनीची वाटणी, हुंडा आणि गर्भपरीक्षेची सोय ही कारणे होती. नंतरच्या सुधारणेत कायद्याच्या धाकाचा आणि प्रचाराचा वाटा असावा.

गीताचे कार्य निराळे आहे. एखाद्या गीताने एखादा तरुण बिघडतो असे क्वचितच घडत असेल. परंतु कोणती गोष्ट थट्टा समजावी, कोणती मर्दुमकी, मुलीच्या ‘नाही’ला किती किंमत द्यावी, तिच्या घरासमोर किती वेळा मोटार फिरवली म्हणजे प्रेम सिद्ध होते, याविषयीचा एक सर्वमान्य समज अशा शेकडो गीतांच्या पुनरावृत्तीने तयार होतो. तो इतका परिचित होतो की कोणाला तो समज आहे असेही वाटत नाही. बसमध्ये असे गीत लागले असता महाविद्यालयात जाणारी मुलगी खिडकीबाहेर पाहत राहते. चालकाला गाणे बदला असे सांगावे तर आपणच विनोद न कळणारे ठरू, हे तिला ठाऊक असते.

कधी कधी ही प्रतिमा प्रत्यक्ष रक्त सांडते. पंजाबातील लग्नांत ‘ऑर्केस्ट्रा’ नावाने नर्तकींची पथके बोलावण्याची प्रथा आहे. मोहाली जिल्ह्यातील झिरकपूरपासून बठिंड्यापर्यंत रस्त्यांच्या कडेला उभ्या असलेल्या विवाहमहालांत ही पथके नाचतात, आणि गीत वाजते ते बंदूक आणि बाटली यांच्या गौरवाचे. 3 डिसेंबर 2016 रोजी बठिंडा जिल्ह्यातील मौर मंडी येथे अशाच समारंभात गोळी सुटली आणि मंचावर नाचणारी तरुणी जागीच मरण पावली. गीतात बंदुकीशेजारी शोभेसाठी उभी केलेली स्त्री येथे मंचावर प्रत्यक्ष उभी होती.

यानंतर कायद्याने काय केले ते पाहणे उद्बोधक आहे. 22 जुलै 2019 रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने दोन्ही राज्यांच्या आणि चंदीगडच्या पोलीस प्रमुखांना आदेश दिला की दारू, अमली पदार्थ आणि हिंसा यांचे उदात्तीकरण करणारी गीते प्रत्यक्ष कार्यक्रमांतही वाजू नयेत. मूळचे कर्नाटकातील आणि चंदीगडला समाजशास्त्राचे अध्यापन करणारे कन्नडभाषक प्राध्यापक पंडितराव धरेण्णवर यांनी पंजाबी शिकून घेऊन अशा गीतांविरुद्ध चळवळ चालविली; आदेशाच्या अंमलबजावणीचा पाठपुरावाही त्यांनी केला. नोव्हेंबर 2022 मध्ये पंजाब सरकारने शस्त्रांचा आणि हिंसेचा गौरव करणाऱ्या गीतांवर बंदी घातली. दोन्ही ठिकाणी दारू, अमली पदार्थ आणि बंदूक शासनाला दिसली. शेजारी उभी असलेली स्त्री दिसली नाही.

तिच्यासाठी 1986 चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणास प्रतिबंध करणारा कायदा आहे. पण तो झाला तेव्हा कायदे करणाऱ्यांसमोर होत्या जाहिराती, मासिकांची मुखपृष्ठे आणि भित्तिपत्रके. स्त्रीच्या आकृतीचे चित्रण हा त्याचा विषय. कानाने ऐकण्याचा शब्द त्याच्या कक्षेत सहज बसत नाही. चित्रपटातील गीत परीक्षण मंडळाच्या नजरेखालून जाते, तर स्वतंत्रपणे निघालेल्या गीताला प्रसिद्धीपूर्वी कोणतेच परीक्षण नाही. 2019 च्याच जुलै महिन्यात पंजाब राज्य महिला आयोगाच्या तक्रारीनंतर मोहालीच्या मटौर पोलीस ठाण्यात एका लोकप्रिय गीताच्या शब्दांवरून गुन्हा नोंदविण्यात आला. त्यासाठी सार्वजनिक ठिकाणी अश्लील गीत गाण्याविषयीचे दंडविधानातील जुने कलम, स्त्रीच्या विनयाचा अवमान करण्याविषयीचे कलम, माहिती तंत्रज्ञान कायदा आणि 1986 चा कायदा हे सर्व एकत्र जोडावे लागले. तक्रारीमुळे गीताची चर्चा वाढते आणि चर्चेमुळे ते ऐकणारेही वाढतात, हा अनुभव तर सार्वत्रिक आहे. माझे मत विचाराल तर, एखादा अश्लील शब्द पकडून शिक्षा करणे शक्य आहे. ‘पटोला’ या शब्दाला कोणते कलम लावणार?

तेव्हा अधिक आशा वाटते ती उत्तर देणाऱ्या गीतांकडून आणि चित्रपटांकडून. 2023 साली ‘गोडे गोडे चा’ हा पंजाबी चित्रपट आला. वरातीत स्त्रियांनी जायचे नाही, अशी पंजाबातील जुनी रीत होती; पुरुष नवरदेवाबरोबर जात आणि बायका मागे घरी राहत. आपणही वरातीत जायचे असा हट्ट धरणाऱ्या बायकांची ही हसतखेळत सांगितलेली गोष्ट. एकाहत्तराव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट पंजाबी चित्रपट म्हणून तिची निवड झाली. तिच्यात स्त्री केवळ दिसत नाही; ती मागणी करते, युक्ती लढविते आणि पुरुषांची फजिती करते. म्हणजे सिठणियांतील जुनी बाई पडद्यावर परत आली, असे म्हणता येईल.

लग्नाच्या आदल्या रात्री पंजाबी स्त्रिया ‘जागो’ काढतात. डोक्यावर दिव्यांनी सजविलेली घागर घेऊन, शेजारपाजाऱ्यांना हाका मारीत, गात गात गल्लीतून फिरायचे. आता घागर विजेरीवर उजळलेली तयार मिळते आणि गाणे डीजे वाजवितो. परंतु रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजविण्यास मनाई आहे, आणि तिचे पालन झाले तर डीजेला थांबावे लागते. मग कधी कधी घरातील एखादी वयस्कर बाई टाळी वाजवून बोली उचलते. नव्या मुलींना शब्द येत नसतात. त्या शेवटचे चरण तेवढे ऐकून ऐकून धरतात.